पाणी उतरेपर्यंत

१

इस्माईल परकार मेला तो रविवारी सकाळी अकराला, पालीच्या समुद्रात शिरलेल्या खडकाळ खडपाबाहेर, अवघ्या तीन वाव, म्हणजे अठरा फूट पाण्यात. रत्नागिरीकडचा हा पाणबुड्या लढाईची सगळी वर्षं आरमारात काढून आलेला. बंदरातले सुरुंग चाचपडून काढणारा माणूस, आणि मेला कुठं, तर जिथं पालीची पोरं पैजेनं बुड्या मारतात तिथं! वर काढला तेव्हा त्याच्या तांब्याच्या टोपात पाणी भरलेलं होतं. हवेच्या नळीच्या सांध्यावर कॅनव्हासचं वेष्टण होतं. ते एका बाजूनं उसवलं तेव्हा खाली नळीला बोटभर लांब चिरा सापडला. धारदार पात्यानं, नीट बघून दिलेला.

ती नुसती चाचणीची बुडी होती. खरं काम पुढंच होतं. त्रेचाळीस सालच्या होळीच्या पुनवेला ‘मार्गारेट बेल’ नावाची आगबोट पालीसमोर बुडाली होती. एकोणीस खलाशी गेले. जपानी सुरुंग लागला, असं सरकारनं सांगितलं आणि लोकांनी मानलं. आता शेहेचाळीस साल उजाडलं, लढाई संपली, तेव्हा मुंबईच्या सोराबजी कूपरनं तिच्या पोटातलं तांबं काढायचा घाट घातला. पंप आणला, पोशाख आणला, इस्माईलला आणला. बोट नेमकी कुठं बसलीय हे दाखवायला मात्र पालीचा तांडेल कॅजिटनच लागला. समुद्रातल्या जागेच्या खुणा कोळ्याच्या डोक्यात असतात, कागदावर नसतात.

आणि नेमका तोच कॅजिटन शुक्रवारी, बेत ठरवायच्या बैठकीत, सगळ्यांसमोर ओरडला होता, “तिथं माझा भाव मायकेल झोपलाय. त्याला जो ढवळंल तो वर येनार न्हाय!” मायकेल, त्याचा भाऊ, त्या बोटीवर खलाशी होता. रागात माणूस काय वाटेल ते बोलतो हो, पण दोन दिवसांत ते खरं झालं तर कोण गप्प बसेल?

सोमवारी सकाळी फौजदार साळवी आले. दुपारी बारापर्यंत कॅजिटनच्या हातात बेड्या पडल्या. साक्षीदार मिळाला होता, वैराचं कारण मिळालं होतं. फौजदार खूश होते. इस्माईलचं प्रेत मचव्यानं पुढं गेलं आणि साडेबाराला कैदी आणि जबाबासाठी लागणारी माणसं घेऊन दोन बैलगाड्या भाईंदरकडं निघाल्या. कॅजिटनला ठाण्याला न्यायचं, तिथून खटला, तिथून फास.

दुसऱ्या गाडीत, कुणी बोलावलेलं नसताना, एक बाई टोपली मांडीवर घेऊन चढली. ती कॅजिटनची सासू गर्ट्रूड. पाली ते भाईंदर डोक्यावर मासळीची टोपली घेऊन वीस वर्षं चाललेली, जिभेनं तिखट आणि जावयाच्या बाबतीत तर मिरचीच. तिला पोरीसाठी निकोलस हवा होता. टेरेझानं कॅजिटन केला. तरीपण आज सकाळी टेरेझा तिच्या पायांना मिठी मारून म्हणाली, “आये, मना तुझ्याकडून कवा काय नको. माझ्या घोवाला घरी आन.” जावयावर राग होता, पोरीवर थोडाच होता!

दोन वाजता गाड्या मोर्व्याजवळ आल्या आणि बैल थांबले. पावसाळ्यात बांध फुटला होता, त्यातून उधाणाचं पाणी रस्त्यावर आलं होतं. मागं वळून बघतात तो मागचाही रस्ता गेलेला. उंचावर फक्त मिठाची एक जुनी कोठी. सगळे धावत तिच्यात शिरले. कॅजिटनला आतल्या खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली. पाचएक मिनिटं झाली असतील, त्या खोलीच्या दाराखाली पाणी चमकायला लागलं.

२

“साहेब, खोलीत पानी शिरतंय,” गर्ट्रूड म्हणाली.

“शिरू दे. मिठाच्या गोण्या आहेत, वर चढून बसेल,” फौजदार म्हणाले. “दार उघडलं आणि पोहून गेला म्हणजे? कोळी आहे तो.”

बाहेरच्या खोलीत मोजून सहा माणसं. फौजदार आणि त्यांचा एक शिपाई. सोराबजी, घामानं भिजून बुचकळून काढल्यासारखा. निकोलस, म्हणजे कंपनीच्या मचव्याचा राखणदार, कॅजिटनचाच चुलतभाऊ. गर्ट्रूड. आणि नाथा. नाथा मूळचा खारी गावचा, इथल्या मिठागरांचा मुकादम. ही कोठी त्याच्याच ताब्यातली. मोहिमेचं सामान आठवडाभर इथंच ठेवलं होतं आणि पंप फिरवायला माणसंही त्यानंच दिली होती. गाडीवान दोघं बैलांना घेऊन मागच्या उंचवट्यावर उभे होते. चहूकडं मचूळ पाणी, वर ऑक्टोबरचं ऊन, आत मिठाचा खारट वास. श्वास घ्यायलासुद्धा जड जात होतं.

सोराबजीनं खिशातून भरती-ओहोटीचं छापील पुस्तक काढलं. “आज तीन वाजून दोन मिनटाला फुल भरती. तीनच्या पुढे पाणी खाली जाणार. घाबरू नको कोणी.”

नाथा एका कोपऱ्यात शेंगदाणे चावत बसला होता. संकष्टीचा उपास होता त्याचा. तो हसला. “शेट, तुमचं पुस्तक समुद्राचं. इथं खाडी हाय. आज चवथ. तिथीची पाऊणपट म्हंजे भरतीचा तास; चवथीची तीन, बरोबर. पन त्याच्यावर एक तास आमच्या खाडीचा. चार वाजेपर्यंत पानी चढनार. मी तीस वर्सं ही उघाडी उघडतोय नि बंद करतोय.” त्यानं कोठीमागच्या बांधातल्या पाण्याच्या दाराकडं बोट केलं. “उतरताना तर दीड तास उशीर. आत आलेलं पानी लवकर हलत न्हाय.”

फौजदारांनी घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. दुसरं काय करणार होते? पाण्यानं त्यांनाही धरून ठेवलं होतं.

गर्ट्रूड आतल्या दाराशी जाऊन बसली. फळ्यांत बोटभर फट होती. आत अंधारात कॅजिटन गोण्यांवर पाय वर घेऊन बसला होता.

“रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर कुठं मेला होतास?” तिनं विचारलं. एवढ्यात सुद्धा गोड बोलणं तिला जमलं नाही.

“मामी, मी सांगितलं फौजदाराला. हसला तो.” कॅजिटनचा आवाज बसलेला होता. “इस्माईलभाईकडं गेलतो. उंडिणीच्या झाडाखाली बसलो दोघं, नऊपासून दहापर्यंत. मी हात जोडले त्याच्यापुढं. म्हटलं, शुक्रवारी बोललो ते इसर. खाली उतरशील तवा माझ्या भावाचं काय हाड, काय पदक गावलं तर आन. पुरायला काय तरी आन. तो म्हनला, आनतो भावा.”

“आनि कोनी बघितलं?”

“कोन बघनार? तो नि मी.”

गर्ट्रूडनं कपाळ फळीला टेकलं. निरपराध असल्याचा एकच साक्षीदार, आणि त्याच्याच खुनाचा आळ! परमेश्वरा, ही कसली थट्टा? आणि तिला पहिल्यांदा मनापासून वाटलं की हा माणूस खोटं बोलत नाही. तिला त्या माणसाबद्दल एवढी खात्री कधी वाटली नव्हती, आणि ती नेमकी आज वाटली.

आत पाण्याचा आवाज वाढला होता.

३

“मामी, तुमी उगाच डोकं फोडताय,” निकोलस तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला.

गर्ट्रूडनं त्याच्याकडं निरखून बघितलं. नळी शनिवारी संध्याकाळी मचव्यावर गेली आणि रात्रभर हाच तिच्याशेजारी झोपला. तांडेलकी मिळाली नाही म्हणून हा महिनाभर फुगून बसला होता. पोरगी दिली असती ना मी याला, तिच्या मनात आलं.

“निकू, खरं सांग. नळीला हात कोनी लावला?”

“देवाची आन, मी न्हाय! सकाळी सातला उठलो, खडपावरून चालत गावात आलो. पानी उतरत होतं, मधल्या घळीत अजून मांडीएवढं होतं. साडेसातच्या मिसेला गेलो. नऊला सुटलो, थेट घरी, आयनं केलेली भाकर खाल्ली, साडेदहाला सगळ्यांबरोबर होडीनं मचव्यावर. घरात आठ मानसं होती. विचारा.”

“कॅजिटन मिसेला होता?”

“होता की. तुमच्या फुढच्या बाकावर. तुमीच तर त्याच्या पाठीकडं रागानं बघत होता.”

ते खरंच होतं. निकोलस खोटं बोलत असता तर त्यानं रात्रीचीही काही गोष्ट रचली असती; तिथं तर तो नुसता ओठ चावत होता. “रात्री मात्र झोपलो होतो मी,” तो शेवटी म्हणाला. “गाढ. मना काय बी दिसलं न्हाय, तेच मी सांगितलं. मी काय कॅजिटनचं नाव घेतलं न्हाय, मामी. साक्षीदार मी न्हाय.”

“मग कोन?”

निकोलसनं खांदे उडवले. फौजदारांनी साक्षीदाराचं नाव कुणालाच सांगितलं नव्हतं.

गर्ट्रूड उठून सोराबजीकडं गेली. तो पुस्तकानं वारा घेत होता. त्याला बोलायला कुणीतरी हवंच होतं.

“माझा काय फायदा बाई पाणबुड्याला मारून? सगळा प्लॅन गेला खड्ड्यात! आता नवा माणूस कुठून आणू? मोसम जाणार. बोट तशीच सडणार.”

“शेट, शुक्रवारच्या बैठकीत आनखी काय झालं? कॅजिटन वरडला ते सगळ्यांना ठाव हाय. त्याच्या आधी?”

“आधी? आधी इस्माईलने तुझ्या जावयाच्या खुणा नकाशावर मांडल्या. बघून बघून बोलला, शेटजी, ही जागा सुरुंगाची नाय. हा खडपाचा शेपटा आहे. आगबोट खडकावर चढली असणार. मी बोललो, सरकार बोलते सुरुंग. तो बोलला, सुरुंगाचा भोक वेगळा, खडकाने फाडलेला पोट वेगळा. मंगळवारी खाली जाऊन हात लावून सांगतो. मग नाथाने चहा आणला, नि मग तुझा जावई ओरडला.”

“नाथा तिथंच होता?”

“इथेच तर बसलो होतो आम्ही. ह्याच कोठीत.”

गर्ट्रूड मनात जुळवत राहिली. खडपावर चढली? स्वच्छ पुनवेच्या रात्री? भरतीला खडप पाण्याखाली जातं, दिसत नाही, पण त्यासाठी तर टेकडीवर कंदील लागायचा...

“साहेब!” शिपाई ओरडला. “तीन वाजून गेले, पाणी अजून चढतंय!”

आणि आतून कॅजिटननं दारावर पहिल्यांदा मुठी आपटल्या.

४

शेवटी शिपायालाच राहवलं नाही. त्यानं दोन रिकाम्या गोण्या दाराखाली कोंबल्या. पाणी थोडं थांबलं. फौजदार मात्र कडी काढायला तयार होईनात. “मी त्याला जिवंत ठाण्याला पोचवणार आहे, काळजी करू नका,” ते म्हणाले. जिवंत पोचवून पुढं काय करणार, हे त्यांनी सांगितलं नाही. सगळ्यांना ते माहीत होतं.

“साहेब,” गर्ट्रूड त्यांच्यासमोर फतकल मारून बसली, “तुमचा साक्षीदार काय म्हनतो तेवढं तरी सांगा. नाव नको. पानी उतरेपर्यंत तुमी बी हितंच, मी बी हितंच. ऐकून मी काय पळनार हाय?”

“कायद्यात बसत नाही, मावशी.”

“कायदा पान्यात बुडालाय सध्या.”

फौजदारांना हसू आलं. कंटाळा माणसाला कधी कधी शहाणं करतो. त्यांनी कागद काढला आणि वाचला: “‘रविवारी साडेनऊच्या सुमारास, ठार ओहोटी असताना, मी पालीच्या खडपावरून कोरड्या पायाने टोकापर्यंत चालत गेलो. तिथून मला कॅजिटन तांडेल कंपनीच्या मचव्यावर एकटाच दिसला. तो हवेच्या नळीजवळ बसून चाकूने काही करत होता.’ झालं समाधान? सातपासून साडेदहापर्यंत मचव्यावर कुणी नव्हतं. नऊनंतर कॅजिटन कुठं होता याला पुरावा नाही. आणि साक्षीदाराचं त्याच्याशी वैर नाही.”

“कोरड्या पायानं,” गर्ट्रूड म्हणाली.

“हो.”

“परत वाचा की साहेब. तेवढंच.”

“‘ठार ओहोटी असताना... कोरड्या पायाने.’ का?”

ती उत्तर द्यायला गेली आणि थांबली. समजलं तर होतं, पण सांगायचं कसं? या फौजदाराला समुद्र म्हणजे समुद्र. पाणी वर येतं, खाली जातं, संपलं. नुसत्या सासूच्या शब्दावर तो बेड्या काढणार नव्हता. बाई जावयासाठी खोटं बोलते म्हणेल आणि तिलाच कोपऱ्यात बसवेल. जे सांगायचं ते त्याच्या डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

“तुमचं घड्याळ बघत बसा,” ती म्हणाली. “पानी कवा थांबतंय ते सांगा मना.”

पावणेचार झाले. पाणी पायरीच्या दुसऱ्या दगडाला लागलेलं. चार वाजले. एक वाळकी काडी पायरीशी गोल फिरत होती, ती थांबली. फौजदार वाकून बघत राहिले. चार वाजून पाच मिनिटांनी काडी हळूच उलट्या दिशेला, उघाडीकडं सरकायला लागली.

“कमाल आहे!” फौजदार म्हणाले. “नाथा, तू म्हणालास तसंच! अगदी मिनिटाला.”

नाथा खूश होऊन मान हलवत होता.

“साहेब,” गर्ट्रूड उभी राहिली, “तुमचा साक्षीदार नाथा हाय.”

५

फौजदारांचा चेहराच बोलला. नाथानं शेंगदाण्याची पुडी खाली ठेवली.

“तुला कुणी सांगितलं?” फौजदार म्हणाले.

“त्यानंच. आत्ता, तुमच्यासमोर.” गर्ट्रूडनं सोराबजीच्या हातातलं पुस्तक ओढून फौजदारांपुढं धरलं. “मना वाचता येत न्हाय. रविवारचं काढा. मी सांगते, तुमी बघा. रविवारी तीज. तीजेची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला पालीला भरती, म्हंजे सकाळी सव्वाआठला ठार ओहोटी. बघा छापलंय का.”

फौजदारांनी पान उलटलं, बोट फिरवलं. “आठ वाजून चौदा मिनिटं.”

“बरं. ओहोटी असली की खडप उघडं पडतं. पन मधी एक घळ हाय. ती कोरडी असते अर्धा तास, जास्त न्हाय. साडेनऊला तिथं पानी चढायला लागून सव्वा तास झालेला. उधाणाचं पानी! कमरेएवढं. कोरड्या पायानं टोकाला जायला हा काय येशू ख्रिस्त हाय?”

निकोलस फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला.

“मना घड्याळ न्हाय,” नाथा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “वेळ चुकली आसंल. आधी गेलो आसंन.”

“आधी कवा? सव्वाआठला?”

“आसंल. सव्वाआठला आसंल.”

“सव्वाआठला कॅजिटन चर्चमध्ये होता बाबा, माझ्या फुढच्या बाकावर. नऊपर्यंत हलला न्हाय. आख्खी पाली साक्ष देईल.” ती फौजदारांकडं वळली. “समजलं साहेब? खडप कोरडं होतं तवा कॅजिटन मोकळा नव्हता. कॅजिटन मोकळा झाला तवा खडप कोरडं नव्हतं. यानं जे बघितलं म्हनतो ते बघायला जागाच न्हाय.”

“पण मग साडेनऊ का म्हणाला हा?” फौजदार म्हणाले. “खोटंच बोलायचं तर पाण्याचं नाव कशाला काढायचं?”

“खरं वाटावं म्हनून. आनि त्याच्या हिशोबानं ते खरंच होतं! त्यानं आत्ताच सांगितलं न्हाय का, उतरताना दीड तास उशीर? सव्वाआठात दीड तास घाला. पावणेदहा. रविवारी साडेनऊला ठार ओहोटी होतीच, पन पालीला न्हाय. हितं, याच्या उघाडीला. फरक त्याला ठाव हाय, पन तीस वर्सं एकच दार बघनारा मानूस घाईत खोटं रचताना त्याच दाराची वेळ सांगतो. आमच्या कोळ्यांना खाडीचं पानी ठाव न्हाय, मिठागरवाल्यांच्या ध्यानात समुद्राचं राहत न्हाय. मी पालीचं पानी बघून घर सोडते आनि खाडीचं पानी बघून बांध उतरते. वेळ चुकली की टोपलीतली मासळी नासते, साहेब. त्यामुळं मना दोन्ही ठाव.”

फौजदारांनी घड्याळाकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं, मग बराच वेळ नाथाकडं. आपण किती सहज फसलो हे त्यांना कळत होतं आणि ते त्यांना आवडत नव्हतं.

“खोटी साक्ष म्हणजे खून नव्हे,” ते शेवटी म्हणाले.

“मग नळी आना गाडीतनं. परत बघू.”

शिपाई गुडघाभर पाण्यातून जाऊन नळी घेऊन आला. अर्धवट उसवलेलं कॅनव्हासचं वेष्टण सांध्याला लोंबत होतं. डांबर फासलेला काळा दोरा, जहाजावरच्या कामासारखा. गर्ट्रूडनं ते बोटांनी चाचपलं. न उसवलेल्या टोकाशी दोऱ्याचा शेवट पिळून दोन छोटे उभे कान काढले होते.

“चिरा देनाऱ्यानंच वरनं हे परत शिवलंय. निकू, तू शिवला असतास तर असा शेवट केला असतास?”

“न्हाय बा. आमी गाठ मारतो नि कापतो. कान कशाला ठेवू, जाळ्यात अडकतील.”

गर्ट्रूडनं मागच्या भिंतीला रचलेल्या मिठाच्या गोण्यांकडं बोट केलं. प्रत्येक गोणीचं तोंड शिवलेलं, आणि प्रत्येकीच्या दोन्ही कोपऱ्यांना पिळलेले उभे कान, उचलायला धरता यावेत म्हणून.

“शनिवारी दुपारी इस्माईलने नळीत हवा भरून बघितली, एकदम बराबर होती,” सोराबजी पुटपुटला. “मग पाच वाजेपर्यंत ती इथेच होती. किल्ली नाथाकडे.”

आणि नाथा उठून दाराकडं धावला. पण बाहेर पाणी होतं. तो पायरीवर नुसता उभा राहिला. जायला जागाच नव्हती.

६

फौजदारांनी स्वतः कडी काढली. कॅजिटन बाहेर आला तो गुडघ्यापर्यंत भिजलेला, ओठ पांढरे पडलेले. शिपायानं त्याच्या बेड्या काढल्या आणि त्याच बेड्या नाथाच्या हातात घातल्या. कॅजिटनला काहीच कळेना. तो एकेकाच्या तोंडाकडं बघत होता.

“पण का?” फौजदार म्हणाले. “इस्माईलनं तुझं काय वाकडं केलं होतं? तुला ना तांब्याचं देणंघेणं, ना बोटीचं.”

नाथा खाली बघत राहिला.

“मी सांगू का नाथा?” गर्ट्रूड म्हणाली. आता तिच्या आवाजात तिखटपणा नव्हता. “लढाईत सगळे दिवे बंद होते. पन आगबोट येनार असा निरोप आला की डोंगरीच्या टेकडीवर एक कंदील लागायचा, खडप कुठं हाय ते समजायला. तो लावायचं काम सरकारनं तुला दिलं होतं. होळीच्या दुसऱ्या दिवशी पहाटं मी टोपली घेऊन हितनं गेले. तू टेकडीवर नव्हतास. याच उघाडीपाशी छातीपर्यंत चिखलात होतास. मना वाटलं, टेकडीवरनं आत्ताच आला आसंल. सुरुंग म्हनले सगळे, मी बी म्हनले. पन इस्माईल शुक्रवारी म्हनला, आगबोट खडपावर फाटली. तवा तू चहा घेऊन उभा होतास.”

बाहेर पाणी उघाडीतून खळखळत परत जात होतं.

“निरोप आलता,” नाथा म्हणाला. “मी निघालोच होतो, कंदील हातात होता. तेवढ्यात हा बांध सुटायला लागला. उधाण भारी. आगरात तयार मीठ, चाळीस घरांनी चार महिने राबून काढलेलं. म्हटलं आधी दार बंद करतो, मग पळत जातो. एवढा उशीर होईल असं वाटलं न्हाय.” त्याला दम लागला होता. “मग लोक म्हनले, सुरुंग. मी काय बोललो न्हाय. तीन वर्सं काय बोललो न्हाय. इस्माईलला मारायचं नव्हतं मना, पोराबाळांची शप्पत. तीन वावात काय होतंय, हवा गळंल, लगेच वर घेतील, नळी फेकून देतील, मोसम निघून जाईल... तो मेला. मग मना कोनाचं तरी नाव घ्यायलाच पायजे होतं.”

“आनि तू याचं घेतलंस,” गर्ट्रूड म्हणाली. “एक भाव तुझ्या अंधारात गेला, नि दुसऱ्याला फासावर पाठवत होतास.”

निकोलस पुढं सरला, मूठ वळलेली. फौजदारांनी त्याला हातानं अडवलं. पण ज्यानं मूठ उगारायची तो कॅजिटन जागचा हलला नव्हता. मनगटं चोळत तो नाथाकडं बघत होता. मग तो दोन पावलं जवळ गेला.

“आनि मीठ?” त्यानं विचारलं.

नाथाला समजलं नाही.

“मीठ वाचलं का रे?”

नाथानं मान हलवली. “न्हाय,” तो म्हणाला. “मी पोचेपर्यंत बांध फुटला होता. सगळं वाहून गेलं. एक गोन बी राहिली न्हाय.”

कॅजिटन तिथंच, ओल्या जमिनीवर बसला. एकोणीस माणसं, आणि त्यांच्या बदल्यात काहीच नाही. तो दोन्ही हातांत तोंड घालून मोठ्यानं रडला. भाऊ गेला त्या होळीलाही तो असा रडला नव्हता. गर्ट्रूड गुडघे धरत त्याच्या शेजारी खाली बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून राहिली. सहाच्या सुमाराला बाहेर रस्ता उघडा पडायला लागला, गाडीवान बैल जुंपून हाका मारत होते, पण फौजदार साळवींनी हातानंच त्यांना थांबायला सांगितलं.